पुढच्यास ठेच, मागच्याला हसू

काका पडले त्याला आता बरीच वर्षं झाली. पडले म्हणजे धाडकन नाही. त्याला पडणं म्हणावं की बसणं, हेच आम्हाला बराच वेळ कळेना.

घरात चौदा-पंधरा माणसं जमली होती आणि काका सगळ्यांना कसं बसावं ते शिकवत होते. काकांना शिकवायला आवडतं. विषय कुठलाही चालतो. त्या दिवशी तो बसण्याचा होता. पाठीचा कणा, खांदे, हनुवटी, जमिनीला टेकलेली पावलं. "माणूस बसतो कसा, त्यावरून तो जगतो कसा ते कळतं," असं म्हणून त्यांनी स्वतः ताठ बसून दाखवलं आणि त्यांच्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय चार दिशांना निघाले. अगदी सावकाश. खुर्ची मोडली नाही, फाकली. काका ताठच्या ताठ खाली खाली जात राहिले, लिफ्टमध्ये उभा असलेला माणूस जातो तसे, आणि विशेष म्हणजे बोलत राहिले. "कण्यावर ताण म्हणून येता कामा नये" हे वाक्य त्यांनी फरशीला टेकता टेकता पूर्ण केलं.

मग शांतता. दोन सेकंद, फार तर तीन. चुलतबहिणीचा हात तोंडावर गेलेला, आत्याचा हात मदतीला पुढे आलेला आणि तसाच हवेत थांबलेला. काकांनी गुडघा चाचपला नाही की कोपर पाहिलं नाही. त्यांनी आधी मान वळवून आम्हा सगळ्यांवरून एक नजर फिरवली. मग नाकावरचा चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "ही खुर्ची कोणी आणली?"

त्यानंतर जो हशा उसळला तो काही केल्या थांबेना. आत्या त्यांना उठवायला गेली, पण हसण्यानं तिच्या हातातला जोरच गेला आणि तीही तिथंच बसली. मी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काका उठले, कपडे झटकले, जरा ओशाळल्यासारखं हसले. दुसरी खुर्ची आली. तिच्या अगदी टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले आणि त्यांनी विषय बदलला.

रात्री मला वाईट वाटलं. थोडंसंच, कारण वाईट वाटता वाटता ते लिफ्टचं दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे आलं आणि मी उशीत तोंड खुपसून पुन्हा हसले. काका माझे फार लाडके. शत्रू पडला असता तर समजण्यासारखं होतं. आपलं माणूस पडतं आणि हसू आवरत नाही, हे काय आहे?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. ज्यानं ती केली त्यानं मागच्याला जरा जास्तच मान दिला, असं मला वाटत आलं आहे. मी पाहिलेले बहुतेक मागचे आधी पुढच्याला हसले आणि हसता हसता त्याच दगडावर अडखळले. शहाणपण त्यानंतरच्या कुणाला तरी आलं असेल.

आपल्या भाषेनं मात्र या प्रकाराची केवढी तजवीज करून ठेवली आहे! मोठ्या दुःखाला आपल्याकडे मोजके, जड शब्द. आणि छोट्या संकटाला? फजिती, फटफजिती, धांदल, तारांबळ, भंबेरी, पंचाईत, गोची, त्रेधातिरपीट. हे शब्द नुसते मोठ्यानं वाचले तरी ते स्वतःच धडपडत चालल्यासारखे वाटतात. 'त्रेधातिरपीट' म्हणताना जीभ एकदा तरी घसरतेच. ज्यांनी हे शब्द घडवले ते पडलेल्या माणसाकडे नक्कीच गंभीर चेहऱ्यानं बघत उभे नव्हते.

त्या तीन सेकंदांकडे मी पुन्हा पुन्हा येते. त्या वेळात आम्ही सगळे काय करत होतो? काकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी "आई गं" म्हटलं असतं किंवा चेहरा वेदनेनं आक्रसला असता, तर चौदाच्या चौदा जण धावले असते आणि आज हा लेख झाला नसता. हसू घशापर्यंत आलेलं होतं, पण ते परवानगीसाठी थांबलं होतं. परवानगी कुणी द्यायची? ज्यानं पडायचं त्यानं. खुर्ची कोणी आणली, हा प्रश्न ऐकून आम्हाला कळलं की काकांची हाडं शाबूत आहेत, आवाज शाबूत आहे आणि दुसऱ्यावर खापर फोडण्याची शक्तीही शाबूत आहे. झालं.

अ‍ॅरिस्टॉटलनं हे सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नेमकं पकडलं होतं. हास्यास्पद म्हणजे अशी चूक किंवा असं वेडंवाकडेपण, ज्यातून वेदना होत नाही आणि नाश होत नाही. उदाहरण म्हणून त्यानं विनोदी नाटकाच्या मुखवट्याकडे बोट दाखवलं. मुखवटा कुरूप असतो, पिळवटलेला असतो, पण दुखत असल्याचं त्यावर काही नसतं. सगळं प्रकरण चेहऱ्यावर येऊन थांबतं, हे मला पटतं.

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९८ मध्ये याच गोष्टीला उत्क्रांतीची बाजू जोडली. त्यांचं म्हणणं, हसणं ही मुळात 'खोटी घंटा' झाल्याची दवंडी आहे. काहीतरी धडपडलं, कळपातले सगळे दचकले, मग ज्याला आधी कळलं की धोका नाही त्यानं मोठा, दूरवर ऐकू जाईल असा आवाज काढून इतरांना सांगितलं की धावू नका, शक्ती वाया घालवू नका, काही झालेलं नाही. त्यांचंही उदाहरण घसरून पडणाऱ्या माणसाचंच आहे. तो उठून उभा राहिला तर आपण हसतो, रक्त दिसलं तर धावतो. हा सिद्धान्त सिद्ध झालेला नाही; हजारो वर्षांपूर्वीच्या हसण्याची हाडं उकरून थोडीच मिळणार? पण आमच्या त्या खोलीत जे घडलं त्याच्याशी तो इतका तंतोतंत जुळतो की मला तो सोडवत नाही. आम्ही हसत होतो म्हणजे एकमेकांना सांगत होतो, काका ठीक आहेत, काका ठीक आहेत. चौदा तोंडांनी.

लहान मूल चालायला शिकताना पडतं, तेव्हा हाच खेळ उलट्या बाजूनं दिसतो. ते पडल्या पडल्या रडत नाही. आधी मोठ्यांकडे बघतं. आई दचकली, तिनं श्वास आत ओढला, की भोकाड. आई हसली आणि "उठा, उठा" म्हणाली, की स्वारी हात झटकून चालू लागते. आपल्याला लागलं आहे की नाही हे ते दुसऱ्याच्या तोंडावर वाचतं. काकांनी गुडघ्याआधी आमच्याकडे पाहिलं ते बहुधा याच जुन्या सवयीनं. फरक एवढाच की तोवर ते सत्तरीला टेकले होते आणि आमचे चेहरे त्यांना काही वेगळंच सांगत होते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या लावल्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या, शेवटच्या दोन अधमांच्या. अपहसिताची लक्षणं वाचली आणि मी चपापले. अस्थानी आलेलं हसू, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं गदागदा हलणं. म्हणजे भिंतीला टेकलेली मी. अतिहसितात माणूस दोन्ही हातांनी कुशी धरतो, ती आत्या. आमचं अख्खं कुटुंबच त्या दिवशी शेवटच्या दोन पायऱ्यांवर गोळा झालं होतं. उत्तम प्रकृतीचं म्हणाल तर फक्त काका, त्यांचं ते ओशाळलेलं स्मित.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसन यांनी १९०० साली हसण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात अगदी सुरुवातीलाच रस्त्यावर धावणारा एक माणूस अडखळून पडतो. बर्गसन विचारतात, तो मुद्दाम बसला असता तर लोक हसले असते का? नसते. तो आपल्या इच्छेविरुद्ध बसला, म्हणून हसले. रस्त्यात दगड होता, तर पावलांनी बदलायला हवं होतं. पण शरीर आपल्या वेगात, जुन्या सवयीनं, यंत्रासारखं पुढे जात राहिलं. जिवंत माणसात अचानक यंत्र दिसलं की आपण हसतो. हे वाचलं तेव्हा मला काकांचं ते वाक्य आठवलं. खुर्ची गेली, उंची गेली, तरी वाक्य थांबलं नाही. काका मधेच "अरे" म्हणाले असते तर हसू निम्मं झालं असतं. खरा विनोद त्या पूर्ण झालेल्या वाक्यात होता.

बर्गसन यांचं दुसरं एक म्हणणं मात्र मला मान्य नाही. हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, असं ते म्हणतात. माझ्या हृदयाला त्या तीन सेकंदांत भूल वगैरे काही नव्हती. ते धडधडत होतं. इतक्या जोरानं हसू आलं ते त्या धडधडीमुळेच. काकांच्या जागी कुणी अनोळखी गृहस्थ असते तर मी हसलेही असते, पण डोळ्यांतून पाणी काढून नाही. ज्याच्यासाठी जीव जास्त घाबरा होतो, त्याच्या सुटकेचं हसूही जास्त मोठं येतं, असा माझा अनुभव आहे.

इथवर मी स्वतःला बरीच सवलत दिली. आता दुसरी बाजू.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जनं १६५१ मध्ये लिहून ठेवलं की हसणं म्हणजे अकस्मात चढलेली बढाई. दुसऱ्यात काहीतरी उणं दिसतं आणि त्या तुलनेत आपण एकदम उंच झाल्यासारखं वाटतं. पुढे तो असंही म्हणतो की ज्यांना आपल्या अंगच्या कमतरता ठाऊक असतात, तेच असं जास्त हसतात. आपल्याकडे हे चार शब्दांत आहे: हसतील त्यांचे दात दिसतील.

आणि आपल्याकडे यासाठी एक खास क्रियापदही आहे. जिरणे. 'बरी जिरली' या दोन शब्दांत जे समाधान आहे ते सांगायला जर्मन भाषेतला एक लांबलचक शब्द जगभरच्या लोकांनी उसना घेतला. आपल्याला त्याची गरज पडू नये. जिरायला आधी काहीतरी चढलेलं असावं लागतं. माज, तोरा, ऐट, शिष्टपणा. साध्या, गरीब माणसाची कधी जिरत नाही. त्याचं फक्त नुकसान होतं.

जिरल्याचा आनंद मी चांगलाच चाखला आहे. पूर्वी माझ्यासोबत एक बाई काम करायच्या. नाव सोडा. त्यांचं सगळं वेळेत, सगळं नीट, अक्षर सुरेख, आणि दुसऱ्याची चूक सांगतानाही आवाज असा गोड की चूक करणाऱ्यालाच आभार मानावेसे वाटत. एक दिवस त्यांनी कुणा एकाला पाठवायचा संदेश चुकून सगळ्यांना पाठवला. त्यात फार वाईट काही नव्हतं. कुणाच्या तरी कपड्यांवर एक तिरका शेरा होता. मिनिटभरात त्यांनी तो काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. मी हसले नाही. मान खाली घालून काम करत राहिले. पण पुढचे तीन-चार दिवस माझी झोप छान लागली, हे मी आज कबूल करते.

या दोन्हींत मला जो फरक दिसतो तो असा. पडलेल्याला बघून येणारं हसू आत थांबत नाही. तोंड दाबलं तर नाकातून येतं. जिरल्याचं हसू बाहेर येत नाही. ते गालातल्या गालात राहतं आणि पुरवून पुरवून वापरलं जातं. पहिल्याला सोबत लागते, दुसऱ्याला आडोसा. रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं लोकांचं रोजचं हसणं टिपलं आणि त्यांना आढळलं की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. मला वाटतं, जिरल्याचं हसू त्यांच्या मोजणीत आलंच नसावं. त्याचा आवाजच होत नाही.

तरी मेंदूत ते दिसतं. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये काही लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून एका काल्पनिक माणसाबद्दल वाचायला दिलं. त्याच्याकडे सगळं होतं, आणि तेही वाचणाऱ्याला हव्या असलेल्या क्षेत्रात. हेवा वाटताना मेंदूचा जो भाग जागा झाला त्याचा संबंध वेदनेशी आहे. मग त्याच माणसाची काहीतरी फजिती झाल्याचं वाचायला दिलं. तेव्हा बक्षीस मिळाल्यावर जो भाग जागा होतो तो झाला. ज्यांना आधी हेवा जास्त वाटला त्यांचा आनंदही मोठा. प्लेटोनं हे नुसतं विचार करून सांगितलं होतं. मित्राच्या हास्यास्पद अवस्थेवर आपण हसतो तेव्हा त्या सुखात असूयेची वेदना कालवलेली असते, असं त्याचं म्हणणं. आधी दुखलेलं असतं म्हणून नंतर बरं वाटतं. माझी ती चार दिवसांची झोप म्हणजे, खरं सांगायचं तर, वर्षभराच्या दुखण्यावरचा उतारा होता.

आता गैरसोयीचा प्रश्न येतो. काकांच्या खुर्चीवरचं आमचं हसू कुठल्या जातीचं होतं? आवडत्या माणसाच्या सुटकेचं, असं मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. पण काका गुपचूप बसलेले असते आणि खुर्ची फाकली असती तर? कसं बसावं हे ते शिकवत नसते तर? हसू आलं असतं, पण इतकं नाही. 'पडलो तरी नाक वर' ही म्हण ज्याच्यासाठी केली असावी असा माणूस आमच्यासमोर फरशीवर ताठ बसला होता. आणि गेली तीस वर्षं त्यांनी आम्हाला उभं कसं राहावं, पेन कसं धरावं, दार कसं लावावं हे सगळं शिकवलेलं होतं. त्या हशात थोडी 'जिरली' नक्कीच होती. किती, ते मला वेगळं काढता येत नाही. साखर विरघळल्यावर पाण्यातून वेचता येत नाही, तसं.

मात्र त्या संध्याकाळनंतर काका आम्हाला अधिक आवडू लागले, हेही खरं आहे. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना एका स्पर्धकाच्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका आवृत्तीत तो ९२ टक्के प्रश्नांची बरोबर उत्तरं देतो, दुसरीत फक्त ३० टक्के. दोन्हींच्या काही प्रतींमध्ये शेवटी खुर्ची सरकल्याचा, कप खडखडल्याचा आवाज येतो आणि तो कळवळून म्हणतो की कॉफी नव्या सुटावर सांडली. हुशार माणसानं कॉफी सांडली तेव्हा तो लोकांना जास्त आवडला. सुमार माणसानं सांडली तेव्हा तो होता त्याहून नावडता झाला. दुसरं वाक्य मला पहिल्याहून जास्त छळतं. एकच कॉफी, तोच सूट, आणि एकाच्या फजितीनं तो जवळचा होतो, दुसऱ्याच्या फजितीनं तो आणखी खाली जातो. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याला पडणंही परवडत नाही. काका आमच्या नजरेत ९२ टक्केवाले होते म्हणून निभावलं.

सिनेमालाही पहिलं हसू याच वाटेनं सापडलं. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये दाखवलेल्या एका मिनिटाच्या आतल्या चित्रपटात माळी बागेला नळीनं पाणी घालत असतो. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो आणि फवारा माळ्याच्या तोंडावर. हा जगातल्या पहिल्या विनोदी चित्रपटांपैकी एक. मला त्यातली पुढची गंमत आवडते. पोरगा पळतो, माळी त्याला पकडतो आणि ओढत परत कॅमेऱ्यासमोर आणून मग चोप देतो. फजिती सगळ्यांनी पाहिली, तर हिशेबही सगळ्यांसमोरच व्हायला हवा.

आज हातातल्या फोनवर असे माळी दिवसाला शेकड्यांनी भिजतात. कुणी घसरतं, कुणी काचेच्या दारावर आपटतं, कुणाच्या डोक्यावरचा टोप उडतो. मीही बघते, आणि हसतेही. पण हे तुकडे नीट पाहा. बहुतेक सगळे पडण्याच्या क्षणी कापलेले असतात. माणूस जमिनीला टेकला की लगेच पुढचा. ते तीन सेकंद, ज्यांत पडलेला मान वळवून बघतो आणि बघणारे थांबून राहतात, नेमके तेवढेच गायब. तो उठला का, त्यानं चष्मा सरळ केला का, काही कळत नाही. परवानगी मागायची सोयच ठेवलेली नाही. म्हणून की काय, ते हसू घशातून खाली उतरतच नाही. अंगठा आपोआप पुढच्या पडणाऱ्याकडे सरकतो.

काळाचंही असंच एक गणित आहे. विनोदाचा अभ्यास करणारे पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना विचारलं, की काय जास्त विनोदी वाटतं. गाडीनं धडक दिली ती काल की पाच वर्षांपूर्वी? पायाच्या बोटाला ठेच लागली ती काल की पाच वर्षांपूर्वी? धडक पाच वर्षांनी विनोदी होते. ठेचेचं उलट आहे. कालची ठेच हसवते, पाच वर्षांपूर्वीची ठेच सांगायला लागलात तर ऐकणारा घड्याळाकडे बघतो. मोठं दुःख मुरावं लागतं, छोटं ताजंच वाढावं लागतं. फक्त एक गोष्ट या प्रश्नावलीत नव्हती. ठेच कुणाची? हसणाऱ्यासाठी ती पाच वर्षांत शिळी होते. ज्याला लागली त्याच्यासाठी?

याचं उत्तर मला काकांनीच दिलं. त्या प्रसंगाला दहाएक वर्षं होऊन गेली होती. कशावरून तरी खुर्च्यांचा विषय निघाला आणि मी हसत म्हटलं, "काका, तुमची ती खुर्ची आठवते का?"

"न आठवायला काय झालं," काका म्हणाले. आणि मग त्यांनी हसणाऱ्यांची नावं घेतली. क्रमानं. आधी कोण हसलं, कोण मागाहून, कोण तोंड लपवून. यादी घडाघडा, पाढे म्हटल्यासारखी. "तू भिंतीपाशी होतीस. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती तुझी आई."

मी काहीच बोलले नाही. आई त्या दिवशी तिथं नव्हतीच. ती गावाला गेली होती. परतल्यावर तिला तो किस्सा मीच सांगितला होता. काकांनी दहा वर्षं माझ्या आईला अशा हसण्याबद्दल मनात धरून ठेवलं होतं, जे तिनं कधी केलंच नाही. म्हणूनच की काय, ते तिच्याशी इतके तुटक बोलायचे?

घरी येऊन मी महाभारताचं सभापर्व उघडलं, कारण मला काहीतरी अंधुक आठवत होतं. मयसभेत दुर्योधन पाण्याला जमीन समजून पाण्यात पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी द्रौपदीनं आंधळ्याचा मुलगा आंधळा असं म्हटलं, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण ते महाभारतात नाही. निवेदनात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदीचं नाव तिथं नाही. कृष्णाचंही नाही. युधिष्ठिराच्या आज्ञेनं दुर्योधनाला लगेच कोरडी, चांगली वस्त्रं दिली जातात. पुढे हस्तिनापुरात दुर्योधन स्वतः बापाजवळ हा प्रसंग सांगतो, तेव्हा मात्र यादी बदलते. आता कृष्ण हसतो, अर्जुनासोबत, मोठ्यानं. आणि द्रौपदी हसते, सगळ्या स्त्रियांसह.

तो खोटं बोलत होता, असं मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ओलेत्या अंगानं वर येणाऱ्या माणसाला सगळेच हसताना दिसतात. जे हसतील याची त्याला सर्वांत जास्त भीती असते, ते तर आधी. कोरडी वस्त्रं कुणाच्या आज्ञेनं आली, हे मात्र लक्षात राहत नाही.

याला एक सौम्य पुरावाही आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून काही माणसं बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी पाहिलं असेल, असं नंतर विचारलं तर घालणाऱ्याला वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाव जणांच्याच ते लक्षात आलं होतं. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण काकांना जाऊन हे सांगायचं तर कसं? तुमच्या यादीतली निम्मी माणसं बघतच नव्हती? आणि आई तर नव्हतीच?

सांगितलं मी शेवटी. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असेल. पण आवाज तिचाच होता."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. आता ते फारसे उठत नाहीत. खिडकीशी मोठ्या, भक्कम, लाकडी खुर्चीत बसलेले असतात. निघताना मी त्यांच्याकडे वळून हात हलवत मागे मागे चालले आणि दारातल्या पायपुसण्यात पाय अडकून सरळ बसले. पिशवी एकीकडे, चप्पल दुसरीकडे. मी गुडघा पाहिला नाही. आधी वर पाहिलं.

काका हसत होते. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि एका हातानं त्यांनी कवळी धरून ठेवली होती, सुटू नये म्हणून. दुसरा हात माझ्याकडे पुढे आलेला, खुर्चीतून पोचणं शक्य नसताना. "लागलं का गं?" एवढं विचारायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मला नक्की ठाऊक आहे. पण काल हे कुणाला तरी सांगत होते तर माझ्या तोंडून निघून गेलं, की सगळे हसले.